मुखावर पहारा

प्रार्थनागटात बाईंनी हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ घेतला: शिव्या द्यायच्या नाहीत. गटात कुणी फारसं शिवराळ नाही, त्यामुळे हा धडा सोपा जाणार असं वाटलं. बाई निवृत्त शिक्षिका. वर्गात वाचावं तसं सावकाश त्यांनी इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं 29वं वचन वाचलं. आपल्या मुखातून कसलंच कुजकं भाषण निघू नये. गरजेप्रमाणे उन्नतीसाठी जे चांगलं तेच निघावं, म्हणजे ऐकणाऱ्यांना कृपा मिळेल. मग चष्मा काढून म्हणाल्या, "यात शिवीचा उल्लेख मला तरी दिसत नाही. तुम्हाला दिसला तर सांगा."

तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. जिभेवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आलेय. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय तर अर्धा पाठ आहे: घोड्याच्या तोंडातला लगाम, तारवाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. पण जीभ आवरायची म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे या गटात बसेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ते सविस्तर लिहितेय.

बाईंनी दिलेली रीत त्यांची स्वतःची नव्हती. ती सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नाशियस लोयोला यांची. त्यांचं आध्यात्मिक साधनेचं पुस्तक 1548 मध्ये रोममध्ये छापलं गेलं, त्यात ती दिलेली आहे. आमचा गट कॅथलिक नाही, त्यामुळे एकदोघांनी कां-कूं केलं. बाईंनी वाद घातला नाही, रीत समजावून दिली. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठल्याबरोबर त्या एका दोषापासून जपायचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर थोडं थांबून, उठल्यापासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके वहीतल्या रेघेवर मांडायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर तेच. मग दुपारची रेघ आणि रात्रीची रेघ ताडून पाहायची; आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी.

यात एक बारीक सूचना आहे, आणि मला ती सगळ्यांत उपयोगी पडली. दोष घडला की तिथल्या तिथे हात छातीवर न्यायचा. चारचौघांत असलो तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही, असं इग्नाशियस म्हणतात आणि ते खरं आहे. रात्री आठवायला बसलं की मन आपल्या सोयीचं तेवढंच पुढे करतं. हात छातीशी गेलेला असला की तो क्षण पक्का ध्यानात राहतो.

आणखी एक गोष्ट वहीमुळे कळली. ठिपके दिवसभर विखुरलेले नसतात. ते एका ठरावीक वेळेला, ठरावीक माणसापाशी दाटीवाटीने येतात. ऑफिसातली दुपारनंतरची वेळ, एका विशिष्ट मैत्रिणीबरोबरचा चहा, घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास. "माझी जीभ वाईट आहे" असं मोघम दुःख करत बसण्यापेक्षा "संध्याकाळी दार उघडल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं" हा प्रश्न हाताळता येतो. मी ते वाक्य दाराबाहेर उभं राहून ठरवू लागले. आजही ठरवते.

पहिला दोष मी धरला तो समोरच्याला खाली पाडणाऱ्या शब्दांचा. मूर्ख, बिनडोक, तुला काही कळतं का. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू खुनाच्या आज्ञेपासून सुरुवात करतो आणि भावाला "मूर्खा" म्हणणाऱ्यापाशी येऊन थांबतो. दोन्ही एकाच दमात. यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण उपाय साधा होता: माणसाला नाव ठेवायचं नाही, झालेली गोष्ट सांगायची. "हे गणित चुकलंय" हे वाक्य पुरेसं असतं. मुलाला त्यातून चूक कुठे आहे ते कळतं आणि तो वही घेऊन पुन्हा जवळ येतो. गटात एकाने विचारलं की मत्तयाच्याच 23व्या अध्यायात प्रभू स्वतः शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, "मूर्ख आणि आंधळे" म्हणतो, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. तिथे तो वजनदार माणसांना, त्यांच्या तोंडावर, त्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या लोकांदेखत बोलतोय. थकलेल्या पोरावर डाफरताना त्या अध्यायाचा आधार घेता येत नाही.

दुसरा दोष मला वाटला होता त्याहून खूप खोल निघाला. तो होता सत्याचा. मत्तय पाचमध्येच आहे: आपलं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. देवाशप्पथ, आईशप्पथ, गळ्याशपथ हे शब्द आपल्याकडे वाक्याला टेकू दिल्यासारखे येतात. ते सोडणं जड गेलं नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी याच वचनापायी न्यायालयातही शपथ घ्यायला नकार दिला आणि सतराव्या शतकात त्यासाठी इंग्लंडमध्ये तुरुंगवास सोसला. शेवटी तिथल्या कायद्याला त्यांच्यासाठी शपथेऐवजी साध्या प्रतिज्ञेची सोय करावी लागली. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की शपथ टाळणं हे शेपूट आहे. डोकं पुढे आहे. ज्याचं एरवीचं बोलणं खरं असतं त्याला शपथेची गरज पडत नाही.

मग एरवीचं बोलणं पाहायला घेतलं. फोन वाजला की "सांग, मी बाहेर गेलेय." घरातल्या मुलाकडून खोटं बोलवून घ्यायचं, आणि रविवारी त्याला दहा आज्ञा शिकवायच्या. आता तो म्हणतो, "आई आत्ता बोलू शकत नाही, संध्याकाळी फोन करेल." यात कुणाचा अपमान होत नाही आणि संध्याकाळी फोन करावाच लागतो.

पण खरा पेच आमच्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या, खास वाक्यांचा होता. "तुमच्यासाठी प्रार्थना करते." हे वाक्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, किती सहज बोललं जातं! उपासना संपली, कुणी आजारपण सांगितलं, आपण हात हातात घेतला, वाक्य म्हटलं आणि निघालो. ऐकणाऱ्याने ते धरून ठेवलेलं असतं. इस्पितळात पडून तो मोजत असतो की इतकी माणसं माझ्यासाठी देवाजवळ बोलताहेत. गटात यावर बराच वेळ बोलणं झालं आणि एक सवय ठरली: शक्य असेल तर तिथेच, उभ्या उभ्या, दोन ओळींची प्रार्थना करायची, नसेल तर नाव लगेच लिहून ठेवायचं, आणि दोन्ही करणार नसू तर ते वाक्य बोलायचंच नाही. "मला ऐकून वाईट वाटलं" एवढं म्हणणंही खरं असेल तर पुरे आहे.

दुसरं वाक्य: "देवाची इच्छा." मूल गेलेल्या आईला, नोकरी गेलेल्या बापाला आपण हे ऐकवतो. पवित्र शास्त्रातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तिघे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथवर ते मित्र होते. मग ते बोलू लागले. बोलले ते सगळं धार्मिक होतं, बऱ्याच अंशी सुभाषितांसारखं होतं, आणि शेवटच्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. मला हे वाचून धडकीच भरली. एकही अपशब्द न उच्चारता, सतत देवाचं नाव घेत, माणूस इतकं अशुद्ध बोलू शकतो.

आणि तिसरं: "प्रभूने मला दाखवलं", "प्रभूने माझ्या मनात घातलं." परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा आपण उद्गारवाचक शब्दांपुरती धरतो. आपल्या मतावर देवाची सही करणं हे मला त्या आज्ञेचं त्याहून मोठं उल्लंघन वाटतं, कारण ऐकणाऱ्याला मग "नाही" म्हणायला जागाच उरत नाही. गटात आता आम्ही "मला असं वाटतं" म्हणतो. पवित्र आत्म्याने खरोखर काही सुचवलं असेल तर ते "मला असं वाटतं" म्हटल्याने निष्फळ होत नाही.

यानंतर आला तो विषय, ज्यावर वहीची सगळ्यांत जास्त पानं गेली: जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलणं.

बाईंनी त्या संध्याकाळी ऑगस्टीनची गोष्ट सांगितली. ते उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप होते, 430 साली वारले. त्यांचा चरित्रकार पॉसिडियस त्यांना जवळून ओळखणारा. तो लिहितो की त्यांच्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या. अर्थ असा की, ज्याला गैरहजर माणसाच्या आयुष्याचे शब्दांनी लचके तोडायला आवडतं, त्याने समजावं की हे मेज त्याच्यासाठी नाही. एकदा त्यांचे काही बिशप मित्रच त्या ओळी विसरून कुणाबद्दल तरी बोलू लागले. ऑगस्टीन त्यांच्यावर रागावले आणि म्हणाले की एक तर मेजावरच्या या ओळी तरी खोडल्या पाहिजेत, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो.

दुसरं उदाहरण जवळच्या काळातलं. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर 1935 पासून नाझी जर्मनीत फिंकनवाल्डला भावी पाळकांचं विद्यालय चालवत होते. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडलं. तिथे एक नियम होता: गैरहजर असलेल्या बांधवाबद्दल बोलायचं नाही, आणि तोंडून गेलंच तर त्याच्याकडे जाऊन ते सांगायचं. नियमाचा दुसरा भाग मला फार मोठा वाटतो. बोलणाऱ्याला ठाऊक असतं की हे वाक्य आज ना उद्या मला त्या माणसापुढे उच्चारावं लागणार आहे.

नियम ऐकायला सोपा. आमच्या गटात तो अडला तो प्रार्थना-विनंतीपाशी. त्या बैठकीतला प्रसंग मला शब्दशः आठवतो. एका बहिणीने डोळे मिटण्याआधी विनंती मांडली. "अमुक ताईच्या घरासाठी प्रार्थना करूया. तिचा नवरा..." आणि ती थांबली. सगळे तिच्याकडे पाहू लागले. ज्यांच्या हातात उघडं पवित्र शास्त्र होतं त्यांनी ते मिटलं. "म्हणजे मला नक्की माहीत नाही, पण आपण प्रार्थना करतोय म्हणून सांगते..." खुर्च्या थोड्या पुढे सरकल्या. बाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "हे इथे सांग, असं तिने तुला सांगितलंय का गं?" ती म्हणाली, "नाही, पण..." "मग देवाला तिचं नाव पुरेल. तपशील त्याच्याकडे आहेत." आणि बाईंनी लगेच प्रार्थनेला सुरुवात केली. त्या ताईचं नाव घेतलं, तिच्या घराला शांती मागितली, बस्स.

नीतिसूत्रांत कानाशी लागणाऱ्याचे शब्द रुचकर घासांसारखे म्हटलेत, जे थेट पोटात खोल उतरतात. त्या दिवशी खुर्च्या पुढे सरकल्या तेव्हा ती रुची मला सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसली. बोलणारी एकटी नव्हती. ऐकणारे आम्ही सगळे तिला पुढे बोलवत होतो. इफिसकरांसचं वचन ऐकणाऱ्याच्या कृपेबद्दल बोलतं, आणि इथे ऐकणाऱ्याला मिळणार काय होतं? त्या ताईकडे पुढच्या रविवारी पाहताना डोळ्यांत एक नको ती माहिती. तीही ते लगेच ओळखते. मंडळीत पाऊल टाकलं आणि सगळे आपल्याला कळलेलं लपवताहेत, हे ज्याने अनुभवलंय तो बरेचदा परत येत नाही.

म्हणून गटाने ठरवलं: दुसऱ्यासाठी विनंती मांडताना त्याची परवानगी असेल तेवढंच सांगायचं, परवानगी नसेल तर फक्त नाव, आणि नाव सांगितल्यानेही अंदाज बांधले जाणार असतील तर नावही आपल्यापाशीच ठेवून घरी प्रार्थना करायची. सुरुवातीला बैठका फार लवकर संपू लागल्या. काहींना वाटलं आता प्रार्थनेला विषयच उरला नाही. हळूहळू माणसं स्वतःबद्दल बोलू लागली. जो भाऊ नेहमी शेजाऱ्यांच्या व्यसनासाठी विनंती मांडायचा त्याने एके संध्याकाळी स्वतःच्या झोपेबद्दल सांगितलं, कर्जाबद्दल सांगितलं. आधी तसं बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण इथे बोललेलं इथेच राहत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

टाइप केलेल्या बोलण्याबद्दल थोडक्यात. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला एखादा मजकूर पुढे ढकलणं हेही बोलणंच आहे, आणि निर्गमच्या 23व्या अध्यायाची सुरुवातच खोटी अफवा पसरवू नको अशी आहे. मी फॉरवर्ड करण्याआधी एकच गोष्ट पाहते: हे वाक्य मी माझ्या तोंडाने, माझ्या नावावर, त्या माणसासमोर बोलले असते का? नसेन तर ते माझ्या फोनमध्येच राहतं.

याच काळात दुसरी एक अडचण उभी राहिली. बोलणं कमी झालं की माणसाला वाटतं आपण शुद्ध झालो. इजिप्तच्या वाळवंटातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती साधूंच्या गोष्टींत आब्बा अगाथोन यांच्याबद्दल सांगतात की गप्प राहायला शिकेपर्यंत त्यांनी तीन वर्षं तोंडात खडा धरला. मला ही गोष्ट आवडते, पण घरादारात राहणाऱ्या माणसाला ती अर्धीच लागू पडते. अबोला हीसुद्धा भाषाच आहे, आणि घरात तिच्याइतकी धारदार भाषा दुसरी नसेल. आपण एकही वाईट शब्द बोलत नाही, वहीत एकही ठिपका पडत नाही, आणि समोरचा दिवसभर होरपळत असतो. इफिसकरांसच्या वचनाने "कुजकं बोलू नका" एवढ्यावर थांबायला हवं होतं असं तेव्हा वाटलं. ते पुढे जाऊन चांगलं निघावं असं मागतं. म्हणून मी रेघेच्या वर दुसरी एक रेघ आखली. तिच्यावर दिवसभरात कुणाला काही उभारी देणारं बोललं गेलं का, ते मांडते. इग्नाशियसच्या रीतीत ही वरची रेघ नाही, ती माझी भर आहे. पहिल्यांदा ती कितीतरी काळ कोरी राहिली आणि ते पाहून मला खालच्या ठिपक्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

आणि गप्प राहून चालणार नाही अशी एक जागा म्हणजे ज्याने आपल्याला दुखावलं त्याच्याशी बोलणं. मत्तयाच्या 18व्या अध्यायात क्रम दिलाय: तुझ्या भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा, तुम्ही दोघेच असताना त्याला सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही नाही तर मंडळीला सांग. आपण हा क्रम नेमका उलटा चालवतो. ऑफिसात एका सहकाऱ्याने माझं काम स्वतःच्या नावावर मांडलं होतं, आणि ते सगळ्या विभागाला माझ्याकडून कळायला अर्धा दिवसही लागला नसता. त्या दुपारी चहाला न जाता मी त्याच्या टेबलाशी गेले. आवाज कापत होता. "त्या अहवालावर माझं नाव नव्हतं. मला ते लागलं," एवढंच म्हणाले. त्याने मान खाली घातली, मग काहीतरी सारवासारव केली, मग म्हणाला, "पुढच्या वेळी असं होणार नाही." मन पूर्ण मोकळं झालं असं म्हणणार नाही. पण तिसऱ्या माणसाच्या कानात त्यातलं काही गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलू शकलो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की शिस्तीने जीभ ताब्यात येते. याकोब स्पष्ट म्हणतो की पशू, पक्षी, सरपटणारे जीव, जलचर माणसाने वश केले, पण जिभेला वश करायला कोणी समर्थ नाही. वहीमुळे मला दिसलं, कळलं. बदल वहीने होत नाही. लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभूने सांगितलं आहे की अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच मुखावाटे निघतं. ज्या दिवसांत मनात कुणाबद्दल हेवा असतो त्या दिवसांत मी कितीही जपून बोलले तरी तो कौतुकाच्या वाक्यातूनही डोकावतो. "छान झालं हो, या वेळी तरी." म्हणून रोज सकाळच्या निश्चयाआधी मी 141व्या स्तोत्रातलं मागणं म्हणते: हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं द्वार सांभाळ. पहारेकरी मी नाही, तो आहे, हे रोज म्हणावं लागतं. यशया संदेष्ट्याला मंदिरात परमेश्वराचं दर्शन झालं तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं निघालं ते हेच की मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे आणि अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो. त्याने ओठ धुतले नाहीत. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांपर्यंत आणला गेला, आणि नंतर त्याला बोलायला पाठवलं.

येशूचा शिष्य पेत्र याचं आयुष्य मी या दृष्टीने पुन्हा वाचलं. येशूला पकडून नेल्यावर अंगणात शेकोटीपाशी लोक त्याला म्हणतात की तुझ्या बोलीवरूनच तू त्यांच्यातला दिसतोस, आणि तो शाप उच्चारत, शपथा वाहत म्हणतो की मी त्या माणसाला ओळखत नाही. त्याच पेत्राच्या नावच्या पहिल्या पत्रात आहे की ख्रिस्ताची निंदा होत असताना त्याने उलट निंदा केली नाही. त्याच पत्रात 34व्या स्तोत्राचा आधार घेऊन म्हटलंय की ज्याला जीविताची आवड आहे त्याने आपली जीभ वाइटापासून आवरावी. शेकोटीजवळ उभा राहिलेला माणूस हे सांगतोय म्हणून मी ते ऐकते.

शेवटी एक गोष्ट लिहायला हवी, कारण तिच्यावाचून वरचं सगळं धोक्याचं ठरू शकतं. आमचा नियम गटाबाहेर थोडाफार पसरला होता. दुसऱ्या एका मंडळीतली एक तरुण मुलगी बाईंना भेटायला आली. तिच्या मंडळीतले एक जबाबदार गृहस्थ तिला रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवत होते. तिने तिथल्या एका वडीलधाऱ्या बाईंना सांगायचा प्रयत्न केला तर उत्तर मिळालं, "गैरहजर माणसाबद्दल असं बोलू नये. जीभ सांभाळ. प्रार्थना कर." तिला वाटू लागलं होतं की आपणच पाप करतोय.

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या की ऑगस्टीनच्या मेजावरच्या ओळी लचके तोडण्यात गोडी वाटणाऱ्यासाठी होत्या. जखम दाखवणाऱ्यासाठी नव्हेत. नाथान संदेष्टा पाप केलेल्या दावीद राजापुढे उभा राहून "तूच तो माणूस" म्हणाला, ती निंदा नव्हती. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायात, जो मुका आहे त्याच्यासाठी तोंड उघड, असं सांगितलंय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून घेऊ नको म्हणतो, आणि लगेच पुढच्याच वाक्यात म्हणतो की जे पाप करतात त्यांना सर्वांदेखत दोष दे. पहिलं वाक्य सगळे तोंडपाठ सांगतात, दुसरं कुणी वाचत नाही. आणि मत्तय 18चा पहिला टप्पा, एकटीने त्याच्याकडे जाणं, हा तिच्यावर लादायचा नाही. तो बरोबरीच्या भावाभावांसाठी आहे, ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या खोलीत तिने एकटीने जावं म्हणून नाही. मला हे पूर्ण पटतं. शुद्ध बोलण्याचं वचन पीडित माणसाच्या तोंडावर हात ठेवायला वापरलं जातं तेव्हा त्याहून कुजकं भाषण मला माहीत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही गटाच्या नियमाखाली ही गोष्ट लिहून घेतली: अन्याय झालेल्या माणसाने तो सांगणं, आणि ज्यांच्या हातात काही करणं आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचवणं, याला हा नियम लागू होत नाही. लिहिताना एका भावाने आक्षेप घेतला की याचा गैरफायदा घेतला जाईल. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही आणि तो अजूनही प्रामाणिकपणे तेच मांडतो. त्या मुलीने सगळे मेसेज जपून ठेवले होते. तिची तक्रार आता तिच्या मंडळीच्या कमिटीपुढे आहे. तिला बोलावणं आलं की आमच्यातल्या दोघी बरोबर जातात. जे बोलायचं ते तीच बोलते.